केशरबाईंचा दुसरा डोस

समजा, २०२१चा डिसेंबर आहे. कोरोना लसीच्या दुसऱ्या डोसच्या यादीत एकतीस नावं उरलीत आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांचा सातवा फोन येऊन गेलाय. तुमच्या हातात मोबाईल आहे. नाव दाबायचं, त्या घरच्या नंबरवर गेलेला ओटीपी विचारायचा, भरायचा. हिरवी खूण येते: दुसरा डोस पूर्ण. सुईचं पाकीटसुद्धा फोडावं लागत नाही. दाबाल?

श्रीरामपूरकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्स फिलोमिनानं एकतीस वेळा दाबलं. गाव 'शंभर टक्के' झालं. साहेबांनी तिला शाल-नारळ दिला. नारळ तिनं फोडलाच नाही.

चौथ्या दिवशी केशरबाई आल्या. दोन डोस नसतील त्याला रेशन नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. पहिल्या डोसच्या तापाचा धसका घेतलेली म्हातारी आज आपणहून बाही वर करून बसली.

"आजी, तुमचं झालंय," मोबाईल बघत फिलोमिना म्हणाली.

"कवा?"

"सोमवारी. तुमच्या रेश्मानं फोनवर आकडा सांगितला ना."

"आकडा नातसुनेनं सांगितला. दंड माझा हाय."

"रेशन मिळंल. दुकानदाराला हे दाखवा."

"रेशनचं ऱ्हाऊ दे. रेश्मा पोटुशी हाय. माझ्यापायी तिला काय झालं म्हंजी? टोच तू."

दंडावर देवीच्या लसीचा जुना, खोल वण होता. केशरबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"देवी काढायला आले तवा मी कणगीत लपल्ते. पाटलानं वेणीला धरून भाईर वढलं, दोघं उरावर बसले. पर खूण बघ, अजून हाय. तवा धरून टोचलं, आता न टोचताच टोचलं. लई सुधारलं सरकार."

बाकावरच्या बाया हसल्या. फिलोमिनाला स्वतःच्या अंगठ्याची शिसारी आली.

तिनं साहेबांना फोन लावला. "त्यांचं पूर्ण दाखवतंय," साहेब म्हणाले. "पूर्ण झालेल्याला परत कसं देणार? का खोटं भरलं म्हणून लिहून देतेस?"

तिनं फोन ठेवला. उघड्या कुपीत एक डोस होता. तो तिनं भरला आणि केशरबाईंना टोचला. कुठंच लिहिला नाही.

"आता झालं," दंड चोळत केशरबाई उठल्या.

राहिलेले तीस जण निर्धास्त हिंडतायत. काहींना तर आपलं नाव दाबलं गेलंय हेही ठाऊक नाही. त्यांच्या दारात जाऊन फिलोमिनानं काय सांगायचं?