माशात खोबरेल

नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी मुलगी माशांच्या चरबीतली आम्लं तपासते. मूळची जळकोटची, खोबरेल चोपडून घातलेली घट्ट वेणी. बोलताना सारखा वेणीवरून हात फिरवायची.

एकदा मशीनच्या आलेखावर माशात नसावं असं उंच टोक उमटलं. खोबरेलाचं! तोच हात काचेच्या नळ्यांना लागला होता.

सर म्हणाले, "तेवढं टोक वगळून टाक."

"न्हाई सर. मासा डोक्याला तेल लावतो व्हय? नमुनेच बिघडलेत."

तिनं सगळे नमुने फेकले आणि गोदावरीवरून ताजे मासे आणले. तेव्हापासून वेणीला तेल नाही.

काल नवा आलेख निघाला. त्या जागी रेघ सपाट होती. मी अभिनंदन केलं.

"अजून एकदा बघते," म्हणत तिनं कोरड्या केसांवर रुमाल घट्ट बांधला.