सुजलेल्या हातातला चुडा

"बांगड्यांना हात लावायचा नाही," प्रमोद म्हणाला. "मी जिवंत आहे अजून."

त्याची बायको शुभांगी आमच्या आयसीयूत बेशुद्धीच्या काठावर पडलेली. मी कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलात मामा आहे. मामा म्हणजे वॉर्डबॉय. सातवीत शाळा सुटली, केस इथेच पांढरे झाले. पेशंट उचलणं, कूस बदलणं, अंग पुसणं आणि अंगावरचे दागिने उतरवणं हे माझं काम. त्या दुपारी मी कटर घेऊन उभा आणि हा माणूस मध्ये.

झालेलं असं. शुभांगी आंबिवलीची. घरात नणंदेचं लग्न. हिला लघवीला जळजळ, अंगात ताप, पण लग्नघरात झोपून कोण राहतं? मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची आणि कामाला लागायचं. नणंद सासरी गेली आणि ही बरळायला लागली. आमच्याकडे आणली तेव्हा बीपी इतकं खाली की मशिनवर लागत नव्हतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सेप्सिस.

"इम्युनिटी कमी पडली का मॅडम?" प्रमोदनं विचारलं. "आम्ही घरात सगळे रोज काढा घेतो."

"कमी नाही पडली. आवरेना झालीय."

मॅडमनी त्याला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. जंतू किडनीत शिरले. शरीरानं तिथल्या तिथे निपटलं असतं तर नेहमीचं इन्फेक्शन. पण इथे अंगातल्या पांढऱ्या पेशी सगळीकडे एकदम उठल्या. त्या जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात. आतलं पाणी बाहेर मांसात जातं. म्हणून बीपी पडतं आणि अंग सुजतं. बारीक नळ्यांत गुठळ्या होतात. किडनीला, मेंदूला रक्त पुरत नाही. जंतू एका जागी, नुकसान अंगभर.

"मग इम्युनिटी दाबायचं औषध द्या ना."

"थोडं स्टेरॉइड देतोय बीपीसाठी. पूर्ण दाबली तर जंतूंना रान मोकळं. आणि एवढा जोर केल्यावर ती स्वतःच थकते. तेव्हा दुसरं इन्फेक्शन धरतं."

पहिल्या तासातच कल्चरचं रक्त घेतलं. कल्चर म्हणजे कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून बघायचं. रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक चालू. सलाइन जोरात. तरी बीपी उठेना, म्हणून मानेतल्या लाइनमधून नॉरअ‍ॅड. हे औषध सैल पडलेल्या नळ्या आवळतं. बीपी वर येतं, पण हातापायाच्या बोटांचं रक्त कमी होतं.

आता घोळ बघा. नळ्या पाझरतायत, वरून सलाइन चाललंय, बोटांना रक्त आधीच कमी, आणि दोन्ही मनगटांत लग्नात भरलेला हिरवा चुडा. मागेपुढे सोन्याच्या पाटल्या. हात सुजत गेले, चुडा होता तेवढाच राहिला. बांगड्या मांसात रुतल्या. डाव्या हाताची बोटं जांभळी झाली. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा आकडा दाखवेना.

मॅडम म्हणाल्या, "मामा, काढा. नाहीतर हात जाईल."

साबण लावून बघितला. एक सरकेना. पाटल्या कटरनं कापायच्या आणि काचेच्या बांगड्या गॉजमध्ये गुंडाळून फोडायच्या, दुसरा मार्ग नव्हता. फोडायच्या हे ऐकलं आणि प्रमोदची आई दारातून आत आली.

"अहो मामा, माझा मुलगा धडधाकट समोर उभा आहे. असं अभद्र काय बोलता?"

सिस्टर चिडली. "अहो मिस्टर, सही करा आणि बाहेर व्हा बघू."

तो हलेना. मला सिस्टरचं पटलं नाही. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सगळं मशिनं करत होती. त्याच्या हातात नको म्हणणं तेवढं उरलेलं.

मी त्याला दंडाला धरून कॉटजवळ आणला. "तिच्या हातावर बोट दाबा."

त्यानं दाबलं, उचललं. खड्डा तसाच राहिला.

"हे पाणी आहे. अजून भरणार. काच काय ताणायची नाही."

"मामा, तुम्हाला नाही कळायचं. उद्या हिचं काही झालं आणि हात मोकळे असले तर..."

"माझी बायको गेल्या वर्षी गेली," मी बोललो. "हिरवा चुडा, मळवट, भरलेली ओटी. सगळी चाळ म्हणाली, भाग्याची बाई, सवाष्ण गेली. अरे, कसलं भाग्य? विठ्ठलवाडीला खोलीवर जातो तर दाराला कुलूप असतं. लग्न झाल्यापासून कधी नव्हतं. चुडा भरून पाठवली, मला काय मिळालं त्यातून? तू हात वाचव तिचा."

मग आईच पुढे आली.

"प्रमोद, बाजूला हो. मी धरते हात." मग माझ्याकडे बघून, "कापा. पण पाटल्यांचे तुकडे माझ्या हातात द्यायचे. इथे ठेवायचे नाहीत."

"इथे ठेवून मी काय करू ताई?" मी म्हटलं. "घालू?"

बाई रडता रडता हसली.

पाटल्या कापल्या. मग गॉज गुंडाळून एकेक बांगडी फोडली. प्रत्येक आवाजाला प्रमोद डोळे मिटत होता. मनगटाला खोल वळ पडलेले. बोटं जांभळ्याची हळूहळू लाल झाली, चिमटा आकडा दाखवायला लागला. मी पायाकडे गेलो.

"जोडवीपण?" त्यानं विचारलं.

"जोडवीपण."

ती त्यानं स्वतः काढली.

कल्चरचा रिपोर्ट आला, मॅडमनी त्या जंतूचं नेमकं अँटिबायोटिक लावलं. नॉरअ‍ॅड उतरवत नेलं. बंद पडलेली लघवी सुटली तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या. करंगळीचं टोक तेवढं काळं पडून गळालं. हात राहिला. वॉकर धरून बाई घरी गेली. मॅडमनी प्रमोदला बजावलं, महिनोन्‌महिने थकवा राहील, विसरायला होईल, आळशी म्हणायचं नाही. ती घरी गेली त्या दिवशी मला आनंद झाला आणि रागही आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

आता पेशंट स्ट्रेचरवर घेतला की मी आधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी उतरवतो आणि घरच्यांच्या हातात देतो. तेव्हा हात सडपातळ असतो आणि नवरा भेदरलेला असतो, सांगाल ते ऐकतो. थोडा वेळ गेला की हात सुजतो आणि नवऱ्याला मत फुटतं.