चौथ्या दिवसाचा सूर्य

पुस्तकं शिवताना बाइंडरबाईंचं लक्ष टाक्यांवर असे, मजकुरावर कधीच नसे. "वाचत बसलं की खळ वाळते," असं त्या हसून सांगत. पण थोरला भाऊ, म्हणजे त्यांच्या चर्चचा पाळक, निवृत्त झाला आणि त्याने आपली विद्यार्थिदशेतली टिपणं जिल्द बांधायला दिली. सुटे कागद, वर आकडे नाहीत. एका कागदाची शेवटची ओळ वाचायची आणि तिला जुळणारा पुढचा कागद शोधायचा, दुसरा इलाज नव्हता.

त्या जुळवाजुळवीत बायबलातल्या उत्पत्तीच्या, म्हणजे देवाने सहा दिवसांत जग घडवल्याच्या गोष्टीवरचं टिपण निघालं. दादाचंच ठसठशीत अक्षर. त्या काळी आसपासचे लोक सूर्यचंद्राला देव मानत. म्हणून ती गोष्ट लिहिणाऱ्याने मुद्दामच त्यांची नावं घेतली नाहीत. नुसते दोन दिवे म्हटलं आणि चौथ्या दिवशी टांगून टाकले. आधीचे तीन दिवस उजेड, आभाळ, जमीन अशा खोल्या उभारण्याचे, पुढचे तीन त्यांत राहणारे आणण्याचे. जग कसं बांधलं हा मुद्दाच नाही, ते कोणाचं, हा आहे.

बाईंनी सुई खाली ठेवली.

त्यांची लेक बारा वर्षांची असताना चर्चच्या रविवारच्या वर्गात उभी राहिली होती. "सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशीचा उजेड कुठला?" वर्ग बाईच घेत. उत्तर येईना, म्हणून तिला हाताला धरून दादापुढे नेलं. "फार शहाणपणा नको, विश्वास ठेव," एवढंच तो म्हणाला. घरी आल्यावर बाईंनी वर आणखी चार शब्द सुनावले. कॉलेजात गेल्यावर लेकीने चर्च सोडलं. आता परगावाहून फोन करते, तोही तब्येतीपुरता.

टिपणाखालची तारीख लेकीच्या जन्माआधीची होती.

बाई तडक दादाकडे गेल्या. "तुला माहीत होतं?"

दादाने कागद पाहिला, चष्मा पुसला. "अगं, लोकांना पचलं नसतं."

"लोकांना? मी लोकांत जमा झाले का रे? तीस वर्षं तुझ्या भरवशावर पोरांची तोंडं बंद केली मी!"

"तुझी श्रद्धा साधी. ती मोडवेना मला."

"साधी कशाला, बावळट म्हण की सरळ!"

"वन्सं, बसा तरी. चहा टाकते," वहिनी म्हणाली.

"नको वहिनी. आज घशाखाली उतरायचा नाही."

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला आणि टिपण वाचून दाखवलं.

"आई, हे मी कॉलेजच्या लायब्ररीतच वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मामा एवढा शिकलेला, त्याला माहीत असणारच. आणि त्याला माहीत म्हणजे तुलाही. तुम्ही दोघांनी मिळून मला गप्प बसवलंत, असंच धरून चालले मी."

"मला नव्हतं गं माहीत."

"खरंच?"

"खरंच," बाई म्हणाल्या. पण लेकीला ते पटलं की नाही, हे त्यांना तिच्या आवाजावरून काही केल्या कळेना.