शिवेवरून परतलेला गाडा

मरीमायवर मी रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सेलूजवळच्या आमच्या गावात श्रावणात कॉलरा शिरला. कोतवाल चावडीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायचा. आजाऱ्यासाठी उभी, माणूस गेलं की तिच्यावर आडवी. सोमवारी सात उभ्या होत्या. गुरुवारी एकवीस झाल्या, त्यांतल्या पाचांवर आडव्या पडल्या. शुक्रवारी सकाळी वांगी तोडायला निघालेले माझे यजमान उलट्यांनी बांधावरच कोसळले. बाविसावी रेघ आमच्या घरची. जन्मभर मी मायला नैवेद्य दाखवला, आणि तिला आमचंच घर सापडलं!

दुपारी गावाने गाडा काढायचं ठरवलं. लहानशा लाकडी गाड्यात मायची मूर्ती बसवायची, कडुलिंबाचा पाला ठेवायचा आणि गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. माय गेली की रोगही गेला, अशी समजूत. दोरी आजाऱ्यांच्या घरच्या बायांनी ओढायची. यजमानांना सासूबाईंवर सोपवून मीही दोरी धरली. चांगला जोर लावून ओढली, खोटं कशाला बोलू.

शिवेवर पोचलो तर पलीकडच्यांनी बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद केलेला. मागे माणसं काठ्या घेऊन उभी, आणि त्यांत माझे व्याही. माझी लेक त्याच गावात दिली होती. तिला बाळंत होऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण घरून निघताना मला फक्त आपला माणूस दिसत होता.

व्याह्यांनी हात जोडले. "ईहीनबाई, आपल्याच नातीच्या दाराशी रोग आणून सोडून राह्यल्या का?"

माझ्या हातातली दोरी सुटली. मागून मायची पूजा करणारा आमचा भगत ओरडला, "काऊन थांबली व? ओढ ना! नवऱ्याले वाचवाचं नाई का?"

वाचवायचं होतं हो! त्यासाठीच तर आले होते. रडू आवरेना. तशीच गाड्यापुढे चिखलात बसले आणि मायलाच म्हणाले, "माये, तू कुठी नोको जाऊ. आमच्यातच राह्यजो. जे कराचं थे आमी करू."

लोक नाही नाही ते बोलले. नवऱ्याच्या जिवावर उठली, असंही कोणी म्हणालं. मी हलले नाही. मग एकेक करून दुसऱ्या बायांनीही दोरी सोडली. त्यांच्याही लेकी-बहिणी पलीकडे होत्या. शेवटी गाडा वळला.

तो वळलेला पाहून व्याह्यांनी काटे बाजूला ओढले, आणि त्यांच्या मागून एक अनोळखी नर्सबाई पुढे आल्या. सलाइनच्या बाटल्यांनी भरलेली, आमच्याच गावाकडे निघालेली त्यांची जीप दुपारपासून तिथे अडकली होती. आम्ही गाडा काढतोय हे पलीकडे कळलं होतं, आणि रस्ता मोकळा केला तर तो आत येईल, या भीतीने ते गाव कोणाला काट्यांना हात लावू देत नव्हतं.

"किती आजारी?" त्यांनी विचारलं.

"बावीस. त्यातले पाच गेले."

गाड्यामागून जीप आमच्या गावात आली. शाळेत खाटा मांडल्या. मायच्या देवळासमोर आम्ही बायांनी चुली पेटवल्या आणि दहा दिवस अख्ख्या गावाला उकळलेलं पाणी पाजलं. भगताच्या घरी मी स्वतः घागर पोचवली. त्यानंतरही दोन आडव्या रेघा पडल्या, ते लपवत नाही. पण यजमानांनी तिसऱ्या बाटलीला डोळे उघडले आणि विचारलं, "वांगे तोडले का?" मी तिथेच ओक्साबोक्शी रडले.

नर्सबाई नेमक्या तिथेच कशा होत्या, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मला इतकंच कळतं की तोवर मी मायपुढे हात जोडायचे ते काहीतरी मागायला किंवा काहीतरी टाळायला. शरण कसं जायचं, ते त्या चिखलात कळलं. काम आपण करायचं आणि शेवट तिच्यावर सोडायचा.

बरे झाल्यावर यजमान आधी देवळात गेले आणि त्यांनी गाड्याची चाकं काढून टाकली. माय अजून त्याच बिनचाकांच्या गाड्यात बसलेली आहे. दर श्रावणात मळ्यातलं पहिलं वांगं तिला वाहते, आणि म्हणते, राह्यजो.