मागितल्यास परत

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी वर माळ्याकडे बघत, मग माणसांकडे. चहा पुढे आला तरी मान वरच. बायकांना वाटे, ह्यांना वरची जळमटं दिसली की काय. आमच्याकडे ते पहिल्यांदा येऊन गेले आणि आईने दुसऱ्याच दिवशी माळा झाडायला काढला. त्या झाडझुडीत माझ्या वडिलांचा कंदील निघाला, आणि त्या कंदिलापायी माझे पुढचे कितीतरी शुक्रवार गेले.

वडील जकात नाक्यावर कारकून होते. रात्रपाळीला हाच कंदील घेऊन ते गाड्या तपासत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मास्तर पुन्हा आले तेव्हा आई म्हणाली, "घेऊन टाका हो, नुसती अडचण." मास्तर म्हणाले, "टाकायचा नाही, वहिनी. ठेवायला द्यायचा." खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून त्यांनी वडिलांचं नाव लिहिलं, नाका लिहिला आणि खाली लिहिलं : ठेवायला दिला. मागितल्यास परत. हे ते प्रत्येक वस्तूवर लिहीत. मी शाळेत शिकवते आणि माझं अक्षर बरं आहे, एवढं कळताच त्यांनी मला तालुक्याच्या इतिहास मंडळाची चिटणीस करून टाकलं. मंडळ म्हणजे ते स्वतः आणि आता मी.

ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गावात त्यांना 'जुन्याचे मास्तर' म्हणत. त्यांचं संग्रहालय एका लूमच्या कारखान्याच्या वर, दोन खोल्यांत होतं. मालक सज्जन होते, त्यांनी जागा अशीच वापरायला दिली होती. एरवी खालच्या खडखडाटात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नसे. म्हणून संग्रहालय फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना, तीन ते सहा उघडं. मी शाळा सुटल्यावर डोकं ठणकत असताना ते जिने चढायची. बहुतेक वेळा कुणी फिरकत नसे. आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून राहायचो.

"मास्तर, मला कंटाळा आलाय," मी एकदा स्पष्टच सांगितलं.

"येणारच. मलाही येतो," ते म्हणाले. "तीन वाजेपर्यंत फार येतो. कुलूप काढलं की जरा कमी होतो."

मला तो तीननंतरच जास्त यायचा, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

'हात लावू नये' अशी पाटी तिथे नव्हती. उलट चुकूनमाकून आलेल्या माणसाच्या हातात ते वस्तूच देत. कोन गावच्या कुणाच्या बैलांची घुंगरमाळ, अंबाडी गावचं भात मोजायचं माप, एका कोकणी मुसलमान घराण्याच्या गलबतावरचा दिवा. "उचलून बघा. किती वर्षं हे कुणीतरी रोज उचललंय," म्हणत. मग त्या घरच्या माणसांबद्दल बोलू लागत, आणि पाहुणा घड्याळ बघू लागे.

वर्षातून एकच दिवस त्या खोल्या भरत. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी पुसणीचा दिवस असे. ज्याची वस्तू, त्याच्या घरच्यांनी येऊन ती स्वतः पुसायची, असा मास्तरांचा नियम. खारबावच्या हिराबाई खोबरेलाची बाटली घेऊन सकाळच्या गाडीने येत. त्यांच्या नवऱ्याचं मिठागरात मीठ ओढायचं लाकडी फावडं आमच्याकडे होतं. मी एकदा माझं फडकं पुढे केलं तर म्हणाल्या, "न्हाय बाय, तुजा नको. माजा फरका हाय." तेल लावताना त्या फावड्याशी काहीतरी पुटपुटत. आम्ही तेवढा वेळ दुसरीकडे बघायचो.

हारूनचाचांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या वडिलांचा हातमाग मागच्या खोलीत उभा होता. चाचांचं सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, पण पुसणीच्या दिवशी ते मागावर बसत आणि वीतभर कापड विणत, कमी नाही की जास्त नाही. "चलता रहना चाहिए मास्टर, नाहीतर लकडीच हाय ती," म्हणत. वर्षाला एक वीत असं ते कापड वाढत होतं. त्या दिवशी मात्र मला कंटाळा येत नसे. सगळ्यांना चहा देता देता पाय मोडून यायचे, तरी येत नसे.

मग मालक गेले. मुलाने रीतसर घरी येऊन सांगितलं, वर लूम टाकायचे आहेत, तीन महिन्यांत खोल्या मोकळ्या करून द्या. त्याचंही चुकलं नव्हतं. मास्तरांनी दोन आठवडे जागेसाठी पायपीट केली. सगळीकडे गोदामं होत होती, तिथे आम्हाला कोण विचारतो? शेवटी शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाचे साहेब येऊन सगळं बघून गेले. अगदी हातमागासकट सगळं न्यायला तयार झाले. त्यांची अट एकच : वस्तू मंडळाला भेट मिळाल्याचे कागद हवेत. आमच्या तर एकूणएक चिठ्ठीवर लिहिलेलं, मागितल्यास परत.

मी म्हटलं, "मास्तर, एका बैठकीत नव्या चिठ्ठ्या लिहून देते. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," मास्तर म्हणाले.

मग घरोघर विचारायचं ठरलं. हिराबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिकरं त्याला पुसल कोन? मी तुमाला दिलाय. त्या सायबाला मी वलकत न्हाय." थोड्याफार फरकाने सगळीकडून हेच उत्तर आलं. परतताना गाडीत मी चिडून बोलले. तुमच्या त्या एका ओळीमुळे सगळं विखुरणार आहे, असं बोलले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. ते किती थकलेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि तरीही मी गप्प बसले नाही, याचं आज वाईट वाटतं.

पुढचे दोन महिने आम्ही वस्तू पोचवत फिरलो. एसटीने, रिक्षाने, एकदा तर टेम्पोत घुंगरमाळेशेजारी बसून. कित्येक घरं आता सिमेंटची झाली होती. मास्तर सवयीने वर बघत, आणि वर सपाट स्लॅब. "आता ठेवू कुठे?" लोक विचारत. मास्तर म्हणत, "बघा ना, कुठेतरी."

माग सोडवायला हारूनचाचा स्वतः आले. कापड कापताना म्हणाले, "मास्टर, हे एकट्याच्या घरात ठेवून काय करू?" मग त्यांनी त्याच्या लहान लहान पट्ट्या केल्या, एकेका घराला एकेक. "सबको बोलना, अपनी चीज इसीसे पोछना." माग खोलून हातगाडीवर गेला. मास्तर रिकाम्या खोलीत उगीचच केर काढत राहिले.

माझा कंदील त्यांनी सगळ्यांत शेवटी आणला. माझ्या नव्या, बिनमाळ्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी कंदील घेतला, चिठ्ठी बघितली. चिठ्ठी नवी होती, त्यांच्याच थरथरत्या अक्षरात. वडिलांचं नाव, नाका, आणि खाली : बाईंकडे ठेवायला दिला. मागितल्यास परत.

"सगळ्यांना अशाच दिल्यात?" मी विचारलं.

"हो. सगळ्यांना विचारून. जागा मिळाली की मागायला येईन." उठताना हसून म्हणाले, "तोवर तुमचे शुक्रवार मोकळे, बाई."

ते त्याच पावसाळ्यात गेले. साधं दुखणं झालं, पण अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. मी शुक्रवारी घरी झोपून राहू लागले आणि झोप काही येईना. पुढे बाथरूमवर एक छोटा माळा काढून घेतला. गवंड्याने विचारलं, एवढ्याशा माळ्यावर ठेवणार काय? दिवाळीनंतर मी चाचांच्या पट्टीने कंदील पुसते. वडिलांचा कंदील, पण आठवतात मास्तर.

दोन वर्षांनी बाजारात हिराबाई भेटल्या. डोक्यावरची पाटी खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. "बाय, मास्तरांचा फावरा बरा हाय हा. दर वरसाला तेल लावतंय. कवा येतीन न्यायला?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं होतं. सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला ते जमलं नाही.

"अजून जागा मिळाली नाही," मी म्हटलं. "ठेवा अजून थोडे दिवस."

"ठेवते ना," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून चालू लागल्या.