नीळकंठ दिसल्याशिवाय

माझे बाबा दसऱ्याच्या दिवशी नीळकंठ पाहिल्याशिवाय तोंडात घास घेत नाहीत. हिवरखेडला भाजीपाला पिकवत होते तोवर यात काही अडचण नव्हती. बांधावरच्या वाळक्या बाभळीवर सकाळीच एखादा बसलेला असायचा. बाबा हात जोडायचे आणि आम्ही पुरणपोळ्यांवर तुटून पडायचो. आई गेल्यावर ते माझ्याकडे बडनेऱ्याला राहायला आले, आणि हा नियमही सोबत घेऊन आले.

या दसऱ्याला दुपार झाली तरी पाखराचा पत्ता नाही. बाबांना साखर आहे. सकाळची गोळी घेतलेली, आणि वर अन्नाचा कण नाही.

"बाबा, फोनवर फोटो दाखवू, चालते काय?"

"फोटोले पाहून पोट भरते काय तुयं?"

झालं! काढली स्कूटी. बाबांना मागे बसवलं आणि मी शेतांच्या रस्त्याने निघाले. तारांवर पारवे होते, साळुंक्या होत्या, एक कोतवालही होता. नीळकंठ मात्र नाही. वर पाहून पाहून मान दुखायला लागली.

शाळेत असताना मी वाचलं होतं की आकाशातून मोठा दगड पडला आणि डायनोसॉर संपले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की एखादी जात नाहीशी व्हायला असलंच काहीतरी आक्रीत घडावं लागतं. इथे तर कुठलाच दगड पडला नव्हता.

"पयले तं ढीगभर दिसत होते. मंग गेले कुठी?" मी विचारलं.

"नाकतोडे खाते तो," बाबा मागून म्हणाले. "आपण फवारा मारमारून नाकतोडे संपवले. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडे घालते. ते झाडं आपण सरपणाले नेले. मंग राहीन कशाले?"

"म्हंजे तुमीबी?"

"मंग! मी काय गावाबाहेरचा होतो?"

मला हसू आलं, आणि लगेच एक विचारावंसं वाटलं. "बाबा, शेवटच्या पाखराले समजत असन काय, का आता आपल्यासारखं दुसरं कोणीच नाई?"

बाबा म्हणाले, "समोर पाहून गाडी चालव."

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात थरथरायला लागला तशी मी घाबरले आणि सरळ अमरावतीकडे वळले. तिथे एका देवळाबाहेर दसऱ्याला एक माणूस नीळकंठाचा पिंजरा घेऊन बसतो, हे मला ठाऊक होतं. भोवती ही गर्दी! पिंजऱ्यावर कापड टाकलेलं.

"याले खायले काय देतं रे?" बाबांनी विचारलं.

"भात देतो ना, काका."

"भात?"

"दर्शन घ्या लवकर. लोकं लय येतात. पुढच्या वर्षी दोन आणतो."

त्याने कापड उचललं आणि बाबांनी तोंड फिरवलं. मी मात्र पाहिला. पंख दोऱ्याने बांधलेले, अंग मळकट तपकिरी. नीळकंठाचा निळा रंग खरा दिसतो तो उडताना, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, पाहून घ्या ना! चक्कर येईन तुमाले."

"मी पाह्यलं तं तो आणखी एक धरन."

"तुमच्या एकट्याच्या न पाह्यण्यानं काय होते?"

"फवारा मारताना मीबी असंच म्हणत होतो, बाई. आपल्या एकट्याच्या मारण्यानं काय होते."

मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि ताटावर बसले. "वाढ," म्हणाले. मी वाढलं. जन्मात पहिल्यांदा ते दसऱ्याला नीळकंठ न पाहता जेवणार होते. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मले दिसला नाई तरी चालते," ते म्हणाले. "पण कुठीतरी असला पाह्यजे."

आणि त्यांनी घास घेतला.