दांडा काढलेला हापसा

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सेलूतल्या आमच्या गल्लीच्या हापशाचा दांडा नगरपालिकेनं काढून नेला आहे. सबब त्याचं पाणी कोणीही पिऊ नये.

हे कळवायला उशीर झाला, एवढंच. गल्लीमागं पालिकेचा जुना कचरा डेपो. गाड्यांच्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यांच्या बाटल्या, सगळं तिथंच पडायचं. डेपो बंद झाला तेव्हा वर मुरूम पसरला, फीत कापली, पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पुढं हापशाचं पाणी तुरट लागायला लागलं. आम्ही फडक्यानं गाळायचो. फडकं पिवळं पडायचं, तर ते धुऊन टाकायचो. मग तपासणीवाले आले, दांडा गेला आणि हापशावर लाल फुली आली.

तोवर माझी पुतणी सातव्या महिन्यात माहेरी येऊन, तेच पाणी पिऊन बाळंत झाली होती. लेकराच्या अंगावर पुरळ उठलं, ते दूध ओढेना. डॉक्टर म्हणाले, "कशानं ते आत्ताच सांगता येत नाही. रक्त तपासायला परभणीला पाठवलंय. पाणी तेवढं बदला."

सव्वा महिना झाला. आमच्याकडं बाळंतीण पाणी पुजते, मगच बाहेर हिंडते-फिरते. वहिनीनं हापशाचंच नाव काढलं.

"वहिनी, विकतचा जार पुजू की," मी म्हणालो. "थंडगार. वर झाकण पण हाय."

"जारला कुंकू लावू का, भाऊजी? फुलीच्या हापशाला पुजायलो म्हणून लोक हसायलेत, तेवढं बस न्हाई?"

शेवटी तोड निघाली. पूजा हापशाची, पाणी जारचं. मी जार खांद्यावर घेऊन पालखीच्या भोयासारखा डुलत निघालो. बायका पदराआड हसत होत्या. वहिनीनं लाल फुलीवरच हळद-कुंकू वाहिलं, गहू ठेवले. मी हापशाच्या तोंडावर जारचं पाणी ओतलं, म्हणजे हापशाला पाणी आल्यासारखं झालं.

"पड पाया," वहिनी लेकीला म्हणाली. "म्हण, लेकराला सांभाळ."

पुतणी हलेना. खांद्यावरचं लेकरू बारीक आवाजात कण्हत होतं. बायकांचं हसू थांबलं. मी जार खाली ठेवला.

"अगं, पड की!"

"ह्याचंच पाणी पेले मी, आई! अन् आता ह्याच्याच पाया पडून लेकरू मागू?"